आपल्या भाषेतली हाक

आयोवा,
८ सप्टेंबर १९१८

प्रिय डॅगमारताई,

मुलगी झाल्याचं तुझं पत्र पोचलं. आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तुझी तब्येत कशी आहे? कॅलिफोर्नियाची हवा बाळाला मानवते ना?

इथे मका डोक्यावर गेलाय. माणसं मात्र कमी झालीत. सोरेनसन मंडळीही पश्चिमेला गेली. आजोबांनी डेन्मार्कहून येऊन उभारलेल्या चर्चमध्ये आता मागचे बाक रिकामे असतात. जे उरलेत, ते दबकून बोलतात. युद्धामुळे काढलेला राज्यपालांचा हुकूम तू वाचलाच असशील: रस्त्यात, फोनवर, चर्चमध्ये, फक्त इंग्रजी. बाबा दुकानात नुसतं बोटाने दाखवतात. दुकानदार हसतो, "काय हो, जीभ घरी ठेवून आलात?"

तू जेन्सबद्दल विचारत होतीस आणि मी गाईगुरांचं लिहीत होते. तुझं बाळंतपण होईपर्यंत कळवायचं नाही, असं आईने बजावलं होतं. ताई, खाली बस. जुलैत मळणी चालू असताना सैन्याची तार आली. आपला जेन्स फ्रान्समध्ये लढताना गेला.

त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली, तीही इंग्रजीत. पास्टर अडखळत वाचत होते. दाराशी कॉन्स्टेबल हॅडली उभा होता. आईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. शेवटी ती उठली आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून मारायची, तशी हाक तिने आपल्या भाषेत मारली, "जेन्स, ये रे घरी! जेवण निवतंय!"

बाबांनी तिला हाताला धरून खाली बसवलं. हॅडली टोपी घालून निघून गेला.

आम्ही आठवडाभर रस्त्याकडे डोळे लावून होतो. दंड होईल, कोणी देशद्रोही ठरवून कोठाराला पिवळा रंग फासेल, काय काय मनात आलं. आली ती हॅडलीची बायको, सफरचंदांची टोपली घेऊन. तिचा मुलगा वॉल्टरही फ्रान्सलाच आहे.

"तुझी आई त्या दिवशी काय म्हणाली गं?"

मी इंग्रजीत सांगितलं.

"असं नको. तुमच्या भाषेत म्हणून दाखव."

तिने ते म्हणून पाहिलं. उच्चार अगदी वाकडे! आई ऐकत होती. मला म्हणाली, "तिला सांग, शब्द लांबव म्हणावं. हाक शेताच्या टोकापर्यंत जायला हवी." तार आल्यापासून आई घराबाहेरच्या माणसाशी पहिल्यांदाच बोलली. मग दोघी बराच वेळ ओसरीवर बसल्या. हॅडलीने आजवर विषय काढलेला नाही.

आईचा निरोप आहे: बाळाशी आपल्याच भाषेत बोल. कोणी हटकलं तर दार लावून घे, पण बोल.

तुझी, आणि जेन्सचीही बहीण,
सीना