अकरा सेंटिमीटर

प्रिय दादा,

तुझ्या तीन निरोपांना मी उत्तर दिलं नाही. लिहायला बसते, उठून खिडकीशी जाते, पुन्हा बसते. आज पूर्ण करते.

खात्याने मला आपल्याच वस्तीच्या मोजणीवर नेमलं, हे आत्याने तुला सांगितलंच असेल. काम सरळ आहे. नदीपलीकडच्या कातळावर यंत्र लावायचं, उतारावरच्या बारा खुणांवर कुणीतरी आरशाची काठी उभी धरायची आणि मी अंतर वाचायचं. बाबांनी त्या काठीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जन्मभर ओळंबा धरलाय, ही काय मोठी गोष्ट, म्हणाले. येणाऱ्याजाणाऱ्याला दटावत होते, लांबून जा रे, साहेबीण मोजतेय.

पुराने नदीकाठची घरं नेली तेव्हा आजोबा तेवीस कुटुंबांना घेऊन वर आले, ही गोष्ट तू माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलीस. एवढ्या चढावर एवढी सपाट जागा मिळाली, याचं त्यांना फार कौतुक. ती सपाटी म्हणजे कधीकाळी डोंगराचा घसरून अडकलेला तुकडा आहे. घरं, शाळा, विहीर, सगळं त्याच्याच पाठीवर. विहिरीचं गोल तोंड आता लांबट झालंय. मी दोरी लावून पाहिलं.

चौदा महिन्यांत नऊ खुणा नदीकडे अकरा सेंटिमीटर सरकल्या. मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा बाबांनी विचारलं, का गं, परत कशाला? वस्तीतली निम्मी घरं त्यांनी बांधलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, तुमचा हात हलला.

तो हलला नव्हता. एक मिलिमीटरही नाही.

तेव्हापासून ते सकाळी अंगणात बांबू जराही न हलवता धरून उभे राहतात. शेजारची शिंपीण विचारते, काय मिस्त्री, पलटणीत भरती का? तेही हसतात. पण कुणी भिंतीच्या भेगांचा विषय काढला की सांगतात, डोंगर जागच्या जागी आहे, माझाच हात थरथरला म्हणून पोरीचे आकडे चुकले. लोकांना ते पटतं. शिंपिणीने नव्या खोलीचा पाया काढलाय. बाबाच बांधून देणार आहेत.

अहवालावर मी काल सही केली. गुरुवारी शाळेत सगळ्यांना बोलावून वस्ती रिकामी करायला सांगणार आहेत. तिथे बाबा उठून चूक स्वतःवर घेतील आणि एकही घर हलणार नाही. म्हणून आज दुपारी मी त्यांना खरं सांगणार आहे. मग ते माझ्याशी बोलणं टाकतील. तुला तो अबोला माहीत आहे. तू गुरुवारच्या आत ये. त्यांची समजूत घालायला नको, ते मी बघेन. मी खोटं बोलले, हे घरातल्या कुणापाशी तरी त्यांना बोलता यायला हवं.

तुझीच,
धाकटी