सातच्या बातम्यांत माझी बदनामी

३ जून, संध्याकाळी
माझी अब्रू टीव्हीवर गेली. सातच्या बातम्यांत शेवटी लोकांनी फोनवरून पाठवलेली मतं वाचतात. आजचा विषय, हल्लीच्या आया. कोणी एका 'जागरूक प्रेक्षका'ने लिहिलेलं, आमच्या वरची पोरगी दिवसभर मोबाईलमध्ये, बाळ टाहो फोडतं. बातम्यावाल्या बाईने वर मान पण हलवली. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. म्हणाल्या, असं असेल तर रविवारी गावी परत जाताना बाळाला मीच घेऊन जाते. सात महिन्यांचं आहे माझं!
हे काम खालच्या शिलाईवालीचं. तिला सोडणार नाही.

४ जून, सकाळी
ठरलं. आजपासून मोबाईलला हात लावायचा नाही. बदला घेण्यापुरताच लावायचा.
टीव्हीला मत पाठवलं. खालच्या बाईचं मशीन खडखडतं, बाळं दचकतात, हिला आत टाका. तीनदा पाठवलं. बाळ रडत होतं, पण असलं काम अर्धवट सोडून चालत नाही.

४ जून, संध्याकाळी
माझं दाखवलं नाही. कोणाच्या तरी कुत्र्याचं दाखवलं.

५ जून
नवऱ्याला सांगितलं. म्हणे, अगं, वरचा मजला काय जगात एकच आहे का? बघा. तिच्याकडून पँट आखूड करून घेतो ना, मग तिचीच बाजू घेणार.

६ जून, दुपारी
आज सात मतं. जागरूक आई, जागरूक आजी, जागरूक शेजारी, अशी नावं घातली. टाइप करायला मला वेळ लागतो, बोट एकच चालतं.
शिलाईवाली वर आली. म्हणे, कधीचं रडतंय गं लेकरू, घेऊ का जरा? घेतलं, आणि गप्प पण केलं. पाळत ठेवायला आली होती, दुसरं काय. तेवढ्यात मी दोन मतं उरकली. जाताना तिने आपला फोन दाखवला. जुना, बटणांचा. म्हणे यात फोटो येत नाही, बाळाचा एक कागदावर काढून दे ना.
चांगला फोन लपवला असणार. पोचलेली आहे.

७ जून
देव पावला! उद्याचा प्रश्न, प्रेक्षकांची मतं बातम्यांत दाखवावीत का? आता बघते. खऱ्या नावाने लिहिलं, बाळाचा आणि माझा फोटो लावला. लिहिलं, मुळीच दाखवू नका. कोणीही काहीही लिहितं. मी कुठे मोबाईल बघते? चार दिवस सकाळपासून तुम्हालाच तर मतं पाठवतेय, बाळ रडलं तरी जागची हलले नाही.
याला उत्तरच नाही कोणाकडे.

८ जून, रविवार
वाचलं. सगळ्यात आधी माझंच. फोटोसकट. बातम्यावाल्या बाईला हसू आवरेना.
सासूबाईंनी टीव्ही बंद केला. बॅग भरलेलीच होती. बाळ माझ्या मांडीवरून उचललं. म्हटलं, आई, नका नेऊ, तुम्ही सांगाल ते करते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मोबाईलकडे. मग बाळ परत दिलं आणि माझा मोबाईल उचलून बॅगेत टाकला. चेन ओढली आणि गेल्या.
बाळ राहिलं माझं. पण शिलाईवाली सुटली असं समजू नये. मोबाईल नसला म्हणून काय झालं, वहीत लिहून ठेवते, नंतर पाठवीन. पहिलं मत. खालची बाई स्वतःला काय
बाळ उठलं.