नकली सी ड्राइव्हमधलं गाव

११ जानेवारी, रविवार

चाललं! चाललं, चाललं, चाललं!

साडेअकराला आईचा गेम लिनक्सवर उघडला. आवाज नाही, माऊस जरा घसरतो, पण उघडला. लगेच अनुपला फोन. आठ दिवसांपूर्वी हाच माझा धाकटा भाऊ हिंजवडीत बसून मला शिकवत होता — "ताई, तो गेम फक्त विंडोजचा हाये. सोड ना. आईले दुसरा कोणता शिकव." दुसरा कोणता! म्हणजे दीड वर्ष घालून आईनं जे उभं केलं ते टाकून द्यायचं, आणि रंगीत गोळ्या फोडत बसायचं. मी व्हिडिओच पाठवला. त्यावर नुसता अंगठा आला. जळतो मेला.

लॅपटॉप जुना. विंडोज खराब झालं, नवं त्यावर चढत नाही, म्हणून मी लिनक्स टाकलं. आता लिनक्सवर विंडोजचा गेम चालवायचा तर त्याला फसवावं लागतं. एक नकली सी ड्राइव्ह तयार करायचा आणि गेमला त्यात बसवायचं. त्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. आईचं खेळलेलं सगळं मी आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवलं होतं, तेही आत नेऊन टाकलं. जसंच्या तसं दिसलं!

सेतू केंद्रात दिवसभर लोकांचे उत्पन्नाचे दाखले काढणाऱ्या बाईला हे जमतं, इंजिनीअरला जमत नाही. लिहून ठेवते.

१३ जानेवारी

आवाज आला. गेममधला कोंबडा आरवला तशी आई स्वयंपाकघरातून — "अव माय, हा बोलला काय!"

१८ जानेवारी, रविवार

आज आईच्या गावात दुपारभर गर्दी. गर्दी म्हणजे आई, मी आणि देवकाआजी.

आई अंगणवाडीतून निवृत्त झाली आणि तिला घरात करमेना. अनुपनं दीड वर्षापूर्वी हा गेम लावून दिला. मोकळ्या जमिनीवर घरं, रस्ते, झाडं मांडायची, माणसं वसवायची. लोक त्यात राजवाडे बांधतात. आईनं आमचं जुनं गाव बांधायला घेतलं — आर्वीकडचं, धरणात गेलेलं. पाणी आलं तेव्हा मी पाच वर्षांची होते, मला धड काही आठवत नाही. आईला घरन् घर पाठ. एकशे चौदा घरं! हेमराजभाऊची कवेलूच्या छपराची ओसरी, पिठाची चक्की, शाळेच्या दोन खोल्या, सगळं मोजून मापून.

देवकाआजी आमच्याच गल्लीत राहतात, पुनर्वसनाच्या वस्तीत. अठ्ठ्याहत्तर वय. दर रविवारी येतात, चष्मा पुसतात आणि स्क्रीनवर बोट टेकवतात. "हेमराजच्या मांगं चिंच होती व प्रमिला. ते लाव ना." आई लावते. मग दोघी त्या चिंचेकडं बघत बसतात. चहा गार होतो.

वस्तीतल्या मंडळानं ठरवलंय, ७ फेब्रुवारीला रमाई जयंतीच्या दिवशी बुद्धविहारात प्रोजेक्टरवर हे गाव दाखवायचं. नागपूर, पुलगाव, हिंगणघाट, सगळीकडं पांगलेले गाववाले येणार. आईनं आज दोनदा विचारलं, "त्या दिवशी बंद नाई पडत ना हे?"

मी म्हटलं, आई, माझ्यावर सोड.

२४ जानेवारी, शनिवार

अपडेट आला, केला, आणि गेम काळाठिक्कर. घाबरतो कोण! नकली ड्राइव्ह उडवला, नवा केला, गेम परत टाकला. वीस मिनिटं. माझ्या स्वतःच्या गेमसाठी हे पन्नासदा केलंय. आता तर पहिल्यापेक्षा भारी चालतो, एकदम मख्खन.

२५ जानेवारी, रविवार

"जागृती, माह्यं गाव कुठी गेलं?"

हिरवी मोकळी जमीन. एक झाड नाही, एक घर नाही.

विंडोजवर गेम काढून टाकला तरी खेळलेलं बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये राहतं. इथं डॉक्युमेंट्ससुद्धा त्या नकली ड्राइव्हच्याच पोटात होतं. ड्राइव्ह उडवला की सगळं उडालं. आणि हे मला माहीत होतं! लिनक्सच्या ग्रुपवर नव्या पोरांना मीच ओरडून सांगते — आधी सेव्ह बाहेर काढा, मग हात लावा. माझ्या गेममध्ये जपण्यासारखं काही नसतं, म्हणून हाताला सवयच नाही. पेनड्राइव्हवरची कॉपी? ती मागच्या आठवड्यात मी शिष्यवृत्तीचे फॉर्म न्यायला पुसली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा — माझ्यासाठीच लिहिलंय कोणीतरी.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. उठून मेथी निवडायला गेली. तिथून म्हणाली, "एकदा सरकारनं बुडवलं, एकदा तू." आणि हसली! मला इतकं रडू आलं की मोरीत जाऊन नळ सोडला.

देवकाआजी आल्या होत्या. त्यांना म्हटलं, लॅपटॉप बिघडलाय. खोटं बोलले.

२७ जानेवारी

पुसलेलं परत आणायची जेवढी साधनं माहीत होती तेवढी चालवून पाहिली. सेतूतले तीन हजार जुने फोटो परत आले, कोणाकोणाचे पासपोर्ट साइज चेहरे. गाव नाही आलं.

अनुप म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, विंडोज घे." मी फोन कापला. विंडोजनं काय माझे हात बांधले असते?

२९ जानेवारी

रडून झालं. आता मीच बांधणार. नऊ दिवस आहेत, एकशे चौदा घरं, दिवसाला तेरा. होऊन जाईल! रजा टाकली. देवकाआजींना खरं सांगून टाकलं आणि शेजारी बसवलं. आधी त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग म्हणाल्या, "चाल, लाव चक्की."

३१ जानेवारी

एकतीस घरं झाली. देवकाआजी प्रत्येक घर पाहून म्हणतात, "असं नोतं व हे." मग कसं होतं? "मले सांगता येत नाई. पण असं नोतं."

आई येता-जाता बघते.

१ फेब्रुवारी, रविवार

आईनं चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "उठ तथून."

मी उठले. तिनं माझी एकतीस घरं एका झटक्यात पुसली आणि पहिल्यापासून मांडायला बसली. पाच तास! मला जवळ येऊ देत नाही. "झालं का मांगून पायजो." मी फक्त संध्याकाळी कॉपी काढते. एक पेनड्राइव्हवर, एक माझ्या फोनमध्ये, एक अनुपला मेलवर. तो म्हणतो, रोज काय पाठवते? म्हटलं, गप ठेव.

इतकं हलकं वाटलं की रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

३ फेब्रुवारी

देवकाआजी आमच्या दारातून तणतणत बाहेर पडल्या. "हे आपलं गाव नाई! भलतंच काही मांडून राह्यली तुही माय!" आत आई गुणगुणत होती.

आई भाजी आणायला गेली तेव्हा मी हळूच उघडून पाहिलं. शाळा आहे. चक्की आहे. पण बाकीचं कुठल्या कुठं! आमचं घर वेगळ्याच जागी, विहीर वेगळ्याच जागी. मला आठवत नसलं तरी आईचं पहिलं गाव रोज पाहिलंय, एवढं कळतं. दीड वर्षात जिची एक चिंच चुकली नाही, ती बाई एकदम इतकं विसरली? वय एकोणसाठ फक्त. माझ्या हातानं गेलं ते गाव, आणि त्याच्यासोबत हिच्या डोक्यातलंही गेलं की काय?

विचारायची हिंमत होत नाही. मी! मला हिंमत होत नाही!

५ फेब्रुवारी

शेवटी विचारलं, "आई, विहीर तिथंच होती का?"

"तुले काय करा लागते? मशीन बंद नाई पडलं पाह्यजे, तेवढं पाय."

मशीन नाही पडणार. त्याची खात्री मी देते. अपडेट बंद, बॅटरी भरलेली, प्रोजेक्टर दोनदा जोडून पाहिला. बाकी कशाचीच खात्री नाही. परवा सगळ्या गावासमोर कोणीतरी म्हणेल, हे चुकलं, ते चुकलं, आणि आई बिचारी उभी राहील.

७ फेब्रुवारी, रमाई जयंती

विहाराच्या भिंतीवर गाव लागलं. जुन्या गावात आपली, बौद्धांची, घरं नाल्यापलीकडं होती, आणि विहिरीवर आपल्या बायका घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या, कोणी सवर्ण बाई पाणी ओतेपर्यंत. भिंतीवरच्या गावात नाला नव्हताच. विहीर आपल्या घरांच्या अगदी मधात होती. आई काही म्हणजे काही विसरली नव्हती.

मग चार दिवस अबोला धरलेल्या देवकाआजी काठी टेकत भिंतीपाशी गेल्या, बराच वेळ बघितलं.

"प्रमिला, माह्यं घर जरासं फिरव व. दार इहिरीकडं कर."