सचिवपदाचे बेचाळीस दिवस

६ ऑगस्ट, बुधवार

वर्ग प्रतिनिधी झाले. मी! बोचरे सर वर्गात आले, विचारलं, "मागच्या वर्षी पहिलं कोण होतं?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं काहीतरी तक्रार आहे. उभी राहिले. "कर इथं सही." केली. झालं!

मग कळलं की विद्यार्थी परिषद म्हणतात ती हीच. प्रत्येक वर्गाचा एक, असे आम्ही दहा. शिवाय प्राचार्य चौघं नेमतात – खेळ, एनसीसी, एनएसएस आणि नाचगाणी. एकूण चौदा. या चौदांनी करायचं काय, ते विचारलं. सर म्हणाले, "काही नाही. बैठकीले यायचं. नाश्ता असते."

८ ऑगस्ट, शुक्रवार

माझी वर्गमैत्रीण गार्गी आज गाडीत वडनेरपर्यंत प्रॅक्टिकलची वहीच चाळत बसली. शेवटी उतरताना म्हणाली, "बाबा म्हणते, दिवाळीनंतर घरीच राह्य."

कारण साधं आहे. माझं प्रॅक्टिकल सकाळच्या तुकडीत, तिचं दुपारच्या. ते पाचला सुटतं आणि आमची गाडी पावणेपाचला. पुढची साडेसहाची, घरी पोचेपर्यंत अंधार. तिच्या बाबांना, हिंमतरावकाकांना, ते चालत नाही. म्हणून गार्गी प्रयोग अर्धा टाकून पळते. सोनुने मॅडमनी वहीत दोनदा लाल शाईने लिहिलंय – "अपूर्ण". काका म्हणाले, अपूर्णच शिकायचं तर खामगावपर्यंत कशाला जायचं?

आणि गार्गी माझ्यापेक्षा हुशार आहे. मार्क माझे जास्त, एवढंच.

११ ऑगस्ट, सोमवार

परिषदेची पहिली बैठक. बीए शेवटच्या वर्षाचा गजेंद्र आधीच गेटवर बॅनर लावून बसलाय – "भावी अध्यक्ष". त्याचा एक मोठा फोटो, खाली अकरा लहान. त्या अकरांतले दोघं आपल्या कॉलेजचे नाहीतच!

मी धीर करून प्रॅक्टिकलच्या वेळेचं बोलले. आवाज इतका बारीक निघाला की सरांना वाटलं, पाणी मागतेय. पाणी आलं. प्यायले. पुन्हा बोलले. गजेंद्र म्हणाला, "हे विषयपत्रिकेवर नाही ताई. पत्रिकेवर नाही त्याची चर्चा नाही."

"विषयपत्रिका कोण लिहिते?"

"सचिव."

"सचिव कोण आहे?"

"अजून कोणीच नाही."

म्हणजे सचिव व्हायला पाहिजे! आधी उरलेलं पाणी संपवलं. मग नाव दिलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

माझ्याविरुद्ध धवल, बीकॉमचा. तो सगळ्यांना नावानं ओळखतो. मी अर्ध्यांना चपलांवरून ओळखते, कारण पहिल्या बाकावर बसत असले तरी मान वर करत नाही.

प्रचार गार्गीच्या हातात. मी मतं मागायच्या आधीच ती माझ्या नावानं कबूल करून येते. आतापर्यंतची आश्वासनं – कॅन्टीनची कचोरी मोठी होणार, ग्रंथालयात मोबाइल चालणार, आणि गॅदरिंगमध्ये परिषदेतल्या नाचगाण्यांच्या सोहमचं गाणं पहिलं. सोहमचं गाणं मी ऐकलंय.

"काऊन वं असं सांगतं?" मी ओरडले.

"तुले निवडून यायचं का खरं बोलायचं?"

१८ ऑगस्ट, सोमवार

मतदान. मतपेटी म्हणून ऑफिसबाहेरची सूचनापेटी आणली. किल्ली सापडेना, कुलूप तोडलं. आत एकच जुनी पिवळी चिठ्ठी – "खोली नऊमधला पंखा बंद आहे." आम्ही खोली नऊमध्येच बसलो होतो. सगळ्यांनी वर पाहिलं. बंदच!

मग सरांनी नियम वाचला – प्राचार्यांनी नेमलेल्या चौघांना मत नाही. गार्गी बाहेरून खिडकीतून बघत होती, तिनं कपाळावर हात मारला. दोन दिवस ती फक्त एनसीसी आणि सोहमच्याच मागे होती! गाणं फुकट गेलं.

तरी सहा विरुद्ध चार. मी सचिव! गजेंद्र बिनविरोध अध्यक्ष. धवलनं येऊन हात मिळवला, म्हणाला, "मी पण तुलेच दिलं. नाहीतर उगाच लिहावं लागलं असतं मले." खरं की खोटं, देव जाणे.

२५ ऑगस्ट, सोमवार

माझ्या हातची पहिली विषयपत्रिका. विषय एक – दुपारच्या प्रॅक्टिकलची वेळ. गजेंद्रनं पेनानं वर लिहिलं – विषय शून्य, अध्यक्षांची खुर्ची.

खुर्चीवर चाळीस मिनिटं! हाताची हवी. फिरणारी हवी. सर म्हणाले, फिरणारी प्राचार्यांचीच आहे. शेवटी हाताची ठरली.

मग माझा विषय. उभी राहून गाडीसाठी पळणाऱ्या पोरींची यादी वाचली. गार्गीचं नाव, मग बाकीच्या सहाजणींची. कोण कोणत्या गावची, कोण किती वेळा प्रयोग सोडून पळाली. पाचवं नाव वाचलं आणि गजेंद्र एकदम म्हणाला, "थांब. उंद्रीची अश्विनी? आमच्याच शेजारची आहे ती. तिनं तर सांगितलं, कॉलेज आवडत नाही म्हणून सोडून राह्यली."

त्यानं माझ्या हातातली यादी घेतली आणि नावं मोजली.

"सात पोरी," तो म्हणाला. "आणि आपण खुर्चीचं बोलून राह्यलो बे."

ठराव एकमतानं. तो स्वतः कागद घेऊन प्राचार्यांकडे गेला. आम्ही बाहेर उभे. आत त्याचा आवाज इतका वाढला की शिपाईमामांनी दार लावून घेतलं.

३ सप्टेंबर, बुधवार

मंजूर! दुपारची तुकडी बारा वाजता सुरू, तीनला संपणार. महिनाभर प्रयोग म्हणून.

गार्गीचं द्रावण आज शेवटच्या थेंबाला गुलाबी झालं. ती ओरडली, मॅडम रागावल्या, मग मॅडमच हसल्या.

स्टँडवर हिंमतरावकाका आले होते. घड्याळ पाहिलं, तिची वही पाहिली. "बरं," म्हणाले. एवढंच. पण गाडीत तिची बॅग त्यांनी मांडीवर घेतली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गजेंद्रनं बॅनरवरचा "भावी" पांढऱ्या रंगानं पुसला. रंग ओघळून खालच्या फोटोंवर आला. सोहमला मिशी आली, पांढरी!

२८ सप्टेंबर, रविवार

काल विद्यापीठाचं पत्र आलं. परिषदेच्या मंजुरीसाठी द्यायची आम्हा चौदांची यादी ऑफिसनं चुकून तिथल्या क्रीडा विभागात पाठवली होती. तिथल्यांनी ती तपासून परत केली – "चौदा खेळाडूंचा क्रीडाप्रकार नमूद नाही. उंची व वजन लिहावे." तोवर मंजुरीची तारीख उलटून गेली. म्हणजे परिषद झालीच नाही. मी सचिव नव्हतेच! उद्या पुन्हा सगळं पहिल्यापासून, वर्ग प्रतिनिधीसुद्धा.

कालच घाबरत प्राचार्यांना विचारलं, मग प्रॅक्टिकलची वेळ? ते म्हणाले, "ती राहू दे. ती चांगली झाली."

२९ सप्टेंबर, सोमवार

बोचरे सरांनी या वेळी मार्क न विचारता वर्गात नावं मागितली. मी हात वर केला. मागच्या बाकावरून आणखी एक हात.

गार्गी!

"रागावू नको वं," ती म्हणाली. "मी पण उभी राहून राह्यली."