पहिला ग्लास राखणदाराला

१५ जानेवारी, गुरुवार. उरण

बॅग भरली. गुडघ्याचा पट्टा, गोळ्या, टोपी. उद्या सकाळी निघायचं. किल्ले आणि बिअर. कल्पना टूर काढणाऱ्या पनवेलच्या मेहतांची: पाहुण्यांना दिवसा किल्ला दाखवायचा, संध्याकाळी जिथे छोट्या टाक्यांत बिअर बनवतात तिथे न्यायचं. ही पहिली चाचणी-फेरी, आम्ही तिघंच. मेहता चाखणार, मी इतिहास सांगणार, गाडी नितीन चालवणार.

नितीनच. माझा धाकटा भाऊ, ज्याची दारू सुटावी म्हणून घरातले सगळे झिजले. गेल्या पावसाळ्यापासून थेंब घेतलेला नाही. त्याची बायको सुनीता अजून म्हसळ्याला माहेरीच आहे. फेरी सोमवारी तिथेच संपणार. तोवर तो कोरडा राहिला तर ती परत येईल, असं ठरलंय. आणि कोरडा राहिला हे ताईंनी सांगायचं. ताई म्हणजे मी.

त्याला म्हटलं, दुसरं काम नव्हतं का रे? "डायवरला कोन पाजतंय गं ताय? याच्यापेक्षा सेफ काम नाय." वर हसला. मला हसू आलं नाही.

१६ जाने., शुक्र. अलिबाग

वडखळपर्यंत नुसते ट्रेलर. कंबर गेली.

पहिली ब्रूअरी नारळाच्या वाडीत. स्टीलच्या टाक्या, डेअरीत असतात तशा. भिजलेल्या जवाचा वास, आई गुरांना आंबोण शिजवायची त्या जातीचा. उरलेला चोथा गावातल्या म्हशींना जातो. मालक म्हणाला, म्हशी खूश आहेत.

मेहता: "मॅडम, आरमारवाल्यांचा काही पिण्याबिण्याचा किस्सा? बिअरला नाव देता येईल." नाही म्हटलं. "थोडासा बनवा ने." तरी नाही म्हटलं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला तो याचसाठी की काय.

नितीन बाहेर गाडीला टेकून ताक पीत होता. मी आत बसून खिडकीतून त्याच्याकडेच बघत होते. मेहतांना काय काय सांगितलं, मला आता आठवत नाही.

संध्याकाळी सु.चा फोन. "ताई, वास आला का?" नाही. "नीट बघितलंत?" बघितलं. या वयात भावाच्या तोंडाचा वास घेत फिरायचं. वैताग आलाय. पण तिचंही काय चुकतंय?

१७, शनि. रेवदंडा, कोर्लई

सकाळी सातखणी मनोरा. खालूनच दाखवला. मेहतांनी विचारलं, खजिना सापडला होता का. सगळे हेच विचारतात.

कोर्लईचा किल्ला अर्धाच चढले. गुडघ्याने नको म्हटलं. मेहता आणि नितीन वर गेले, मी पायरीवर बसून राहिले. मेहतांच्या पिशवीत अलिबागच्या बाटल्या होत्या, हे ते वर पोचल्यावर लक्षात आलं. मग जीव थाऱ्यावर नाही. ते दोघं उतरले तेव्हा मी नितीनला पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ गेले.

त्याला कळलं. "हुंग," म्हणाला आणि आ वासून समोर उभा राहिला. मेहतांच्या देखत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्याला नव्हता. संध्याकाळच्या ब्रूअरीत तो गाडीतून उतरलाच नाही. सु.ला तेवढंच सांगितलं, नाही प्याला. हुंगल्याचं सांगितलं नाही.

१८, रवि. आगरदांड्याजवळ

जंजिरा होडीतून बघितला, मेहतांना ऊन लागलं. ते असो.

संध्याकाळची ब्रूअरी एका गाववाल्याचीच, आत्माराम नावाचा. नवीन टाकी बसवलेली, त्यातली पहिली बिअर आज काढायची होती. पण आधी राखण, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला मान. आज अमावास्या, राखणीला चांगली. मेहतांचा चेहरा पडला, अमावास्येला नवीन काम त्यांच्यात करत नाहीत.

वाडीच्या टोकाला राखणदाराचा शेंदरी दगड. सगळ्यांनी चपला काढल्या. कोंबडा, नारळ आणि नव्या टाकीतला पहिला ग्लास. आत्मारामच्या काकांनी गाऱ्हाणं घातलं: "देवा, नवीन टाकी हाय. नासू देव नको, फुटू देव नको. तुझा मान पयला." अर्धा ग्लास दगडावर ओतला. फेस बराच वेळ तसाच राहिला.

मग उरलेली तीर्थ म्हणून वाटत निघाले. जो तो ओंजळ पुढे करत होता. मी घेतली. कडूजार.

नितीन माझ्या शेजारीच. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडेही देवाला दारूचा मान असतो, लहानपणापासून बघतोय, तरी नाही आलं. बिअर, ब्रूअरी, बाटल्या या सगळ्यावर मी नजर ठेवून होते. देवावर नव्हती.

त्याने हात मागे घेतला. काका म्हणाले, "घ्या. देवाचा हाय. नाय म्हनू नये."

नितीनने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी खाली वाकून चप्पल शोधायला लागले. खरं सांगायचं तर दमले होते, दुसरं काही नाही.

वर बघितलं तेव्हा तो ओला हात केसांवरून फिरवत होता. तीर्थ घेतल्यावर फिरवतो तसा. तोंडात गेलं की नुसतं डोक्याला लावलं, देव जाणे. गाडीत वास येत होता, पण तो माझ्याही हाताला होता.

सु.चा फोन वाजत राहिला. उचलला नाही.

१९, सोम. म्हसळा

मेहता खूश. "संडेला राखण फिक्स करू, टुरिस्टला मजा येईल." नितीन म्हणाला, "देव काय रविवारचा बसलेला नाय शेट." मेहता तिथूनच एसटीने पनवेलला गेले. आम्ही दोघं फेरीबोटीने गाडीसकट दिघीला. बोर्ली मागे पडली. मी मनात 'नाही प्याला' घोकत होते. खोटं ठरलं तर ठरलं. एकदाचा संसार मार्गी लागू दे.

सुनीता ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. नवऱ्याकडे बघितलं नाही. मलाच विचारलं, "ताई, घेतली का यांनी?"

मी तोंड उघडलं, तोवर नितीनच बोलला. "तीर्थ घेतलं."

"देवाचं का तुमचं?"

तो पायरीवर बसला. म्हणाला, "देवाचंच व्हतं. तळहातावर मावेल इतकंच. पन काय सांगू सुनीता, गोड लागलं."

ती सोलत राहिली. उठून जाईल असं वाटलं, गेली नाही. काही वेळाने न सोललेल्या शेंगांचा ढीग त्याच्यापुढे सरकवला. तो सोलायला लागला. मला रडू आलं, म्हणून आत आले.

पडवीत तिची बॅग भरलेली दिसली, चेन उघडी. उद्या ती आमच्याबरोबर निघणार की नाही, विचारायचं त्राण नाही. तिच्या आईने पाणी गरम करून दिलंय. गुडघा शेकते आणि पडते.