दोन चमचे जांभूळ

पनवेल,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. मालूआत्यास,
कादंबरीचा सा. न. वि. वि.

काल माझ्या मैत्रिणीबरोबर, अंकिताबरोबर, तुला बाटली धाडली आणि सोबतचं पत्र माझ्याच पर्समध्ये राहिलं. धांदरट आहेच मी. आता हे टपालानं. फोन केला असता, पण तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाचं घालतेस.

तर बाटलीत काय आहे ते ऐक. दीड वर्षापूर्वी तुझ्या परसातली दोन टोपल्या जांभळं नेली होती ना, ती आमच्या कारखान्यातल्या काळ्या बिअरमध्ये घातली आणि सगळं लाकडी पिंपात मुरत ठेवलं. मी अधूनमधून जाऊन पिंपाला कान लावायचे. सगळे हसायचे. परवा संध्याकाळी पहिल्यांदा चाखली. पिंपांच्या खोलीत गारवा होता, ओल्या लाकडाचा वास होता. पहिला घोट इतका आंबट की डोळे आपोआप मिटले. मग काळ्या गुळासारखं काहीतरी हळूच वर आलं आणि मागून जांभळाचा तुरटपणा. डोळे उघडावेसेच वाटेनात. मी सहा-सात वर्षांची, जुन्या गावी मिठागराच्या बांधावर, जीभ जांभळी झालेली आणि लांबून बाबा हाका मारतायत, असं किती तरी वेळ वाटत राहिलं. पण आत्या, शेवटी काहीतरी कमी पडतं. काय ते सापडत नाही. तुझं झाड त्या बांधावरच्या जांभळीच्याच बीचं, म्हणून तुझी जीभ हवी.

चौदा तारखेला पिंप उघडणार. सगळ्यांच्या घरची माणसं येणार, माझे बाबा तेवढे नाहीत. ज्या घरातला काळूरामकाका दारूनं गेला त्याच घरातली पोर दारू गाळते, असं ते म्हणाले, त्याला आता चौदा महिने झाले. तेव्हापासून एक शब्द बोलले नाहीत. मला दुसरं काही नको गं. एकदा येऊन माझं काम बघावं, एवढंच. दर रविवारी ते तुझ्याकडे येतात, तेव्हा बाटली त्यांच्या नजरेला पडू देऊ नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
कादंबरी


आपटा,
१ डिसेंबर २०२५

चि. कादंबरी बाय हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी बाटली पोचली, पत्र काय आलं नाय. अंकिता उभ्या उभ्या देऊन गेली. वर 'जांभूळ, पिंप ३' येवढंच लिहिलेलं. मागल्या वर्षी तू साखरेवर जांभळाचा शिरका दिलेलास तशीच बाटली, तसाच काळा रंग. मग काय, दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे चालू केलं. औषध गुणाचं हाय हो! जरा फसफसतं, पण झोप अशी लागते की विचारू नको. आन स्वप्नं! काल तुझा आजा दिसला. खाडीत भरतीचं पाणी, मिठाची होडी चाललीय आन तो मागे वल्हं धरून निवांत बसलाय. शेजारच्या गंगाबाईला पण दिलं. तिचे गुडघे दुखायचे काय राहिले नाय, पण बडबड वाढली.

काल रविवारचा तुझा बाबा काशीराम आला. त्याला पण साखर हाय, म्हणून जबरदस्तीनं दोन चमचे पाजले. तोंड वाकडं केलं, मग पडवीत नदीकडे बघत बसला. चहा गार झाला तरी हालेना. बाधलं काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, ताई, ही आपली बांधावरची जांभळ हाय. तुझ्या पोरीनं केलंय म्हटलं. आन जाताना आणखी दोन चमचे मागून घेतले!

तो वरून फणस हाय बघ. आपल्या मिठागरातलं शेवटचं मीठ बरणीत भरून देवाजवळ ठेवलंय, तुझ्या आईला अजून झाकण उघडू देत नाय. आणखी एक बाटली धाड, ही संपत आली. माझे डोळे लय पाणावतात, उद्या डाक्टर बघणार हाय.

आत्याची आठवण धरून राहा.
मालू


पनवेल,
४ डिसेंबर २०२५

ती. आत्या,
सा. न.

अगं बाई! ते औषध नाही, बिअर आहे! माझं पत्र आतापर्यंत मिळालं असेल. तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि बाबांपर्यंत आले तशी रडायलाच लागले. त्यांनी ओळखली, आत्या. चव घेऊन नदीकडे बघत बसले. आता चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी केलेलं काही त्यांच्या तोंडात गेलं आणि तेही फसवून. त्यांना कळलं तर कायमचे तुटतील. पण लपवू नकोस. तूच सांग. खोट्यानं मिळालेलं मला नको.

तुझी घाबरलेली,
कादंबरी


उलवे,
८ डिसेंबर २०२५

चि. कादंबरीस,
आशीर्वाद.

डाक्टरनी ताईच्या डोळ्यांत घालायला थेंब दिलेत, तिला वाचता येत नाय. म्हणून तुझी दोन्ही पत्रं काल मीच वाचून दाखवली. तिला ऐकू यावं म्हणून ओरडून वाचावी लागली. बाटली बाबांच्या नजरेला पडू देऊ नकोस, हे पण मीच ओरडलो. गंगाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. ताई हसून हसून खोकत होती. मला राग आला.

बाटली उचलली आन जांभळीच्या मुळाशी रिकामी करायला गेलो. आपल्यात पहिले थेंब गेलेल्या माणसाच्या नावानं भुईला देतात, म्हणून आधी काळूदादाचं नाव घेऊन दोन थेंब टाकले. वास आला आन पुढचं ओतायला हात होईना. तिथंच बसून राहिलो. काळूदादा म्हटला की मला त्याचा शेवटचाच चेहरा दिसायचा, सुजलेला. इतकी वर्षं दुसरा आठवतच नव्हता. काल तो फांदीवर दिसला, बारा वर्षांचा, दात जांभळे, वरून जांभळं टाकतोय आन मी खाली सदरा पसरून उभा. हसत होता. पोरी, तो मला परत दिसला.

तू लिहिलंस, काहीतरी कमी पडतं. मीठ कमी हाय. बांधावर आमी जांभूळ नुसतं कधी खाल्लं नाय. हातावर खडा असायचाच. तू लहान होतीस, तुला मीच लावून द्यायचो, तू विसरलीस.

आज सकाळी बरणी उघडली. तुझी आई बघत राहिली.

चौदा तारखेला येतो. मी पिणार नाय, हे आधीच सांगतो. चमचा माझा घेऊन येईन. बरणी पण आणतो, मीठ किती घालायचं ते चाखल्याशिवाय सांगता येत नाय.

तब्येतीला जप.
तुझा बाबा