आप्पांचा पिवळा बाण

रविवार, १८ जानेवारी

मी, विश्वनाथ शेटे, वाणिज्य पदवीधर, आज घरचा संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी जुन्या सेटिंग्ज पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. कारण एकच, माउसचा बाण.

वडिलांना, आप्पांना, मोतीबिंदूमुळे तो सापडत नसे. “इसू, बाण कुठं गेला रे? लई बारीक हाय.” त्यांना शेजारी बसवून मी तो मोठा, पिवळा केला. मग कापसाचे भाव ते स्वतः पाहू लागले. आप्पा वारले, बाण मात्र तसाच राहिला.

“आवं, आता येवढा मोठा कावून?” पत्नीने विचारले.

हाताने पुन्हा करता आला असता? निश्चित. पण आप्पा शेजारी नसते.

फॉरमॅटनंतर बाण बारीक, पांढरा. जुन्या सेटिंग्ज परत घेतल्या, पिवळा झाला.

चहा ठेवत पत्नी म्हणाली, “हां, आता दिसंल त्यांना.”

— विश्वनाथ शेटे, गेवराई